औषधाने बरे होते, मेकअप केला की परत येते: दोष साहित्यात कसा शोधावा

पापणीच्या कडेला रांजणवाडी येते, मलम लावल्यावर आठ-दहा दिवसांत बसते आणि पुढच्या लग्नाला किंवा बारशाला मेकअप केला की पुन्हा त्याच डोळ्याला ठणका लागतो. कुणाच्या हनुवटीवर आणि गालांवर बारीक पुटकुळ्या उठतात. औषध चालू असेपर्यंत त्या दबून राहतात आणि फाउंडेशन लावायला सुरुवात केली की परत दिसू लागतात. सोलापुरात पार्लर चालवताना लग्नसराईत ही तक्रार माझ्या कानावर सातत्याने येते आणि तिच्यावर बहुतेक जणी करतात तो उपाय म्हणजे फेसवॉश बदलणे किंवा आणखी एक नवी क्रीम आणणे. त्वचा प्रत्येक वेळी औषधाने बरी होत असेल आणि प्रत्येक वेळी मेकअपनंतरच बिघडत असेल, तर औषध आपले काम नीट करत आहे असे समजावे आणि मेकअपचा पाउच तपासायला घ्यावा. त्यातले जे जुने झाले आहे किंवा अस्वच्छ राहिले आहे ते बाजूला काढल्याखेरीज हे चक्र थांबत नाही.

सर्वप्रथम त्रास केव्हा आणि कुठे होतो हे पाहावे, कारण दोषाचा प्रकार त्यावरून बराचसा कळतो. वस्तू लावताच काही मिनिटांत चुरचुरू लागले तर तो बहुधा थेट दाह असतो. एक-दोन दिवसांनी खाज सुटून त्वचा लाल आणि खरखरीत होत असेल तर अ‍ॅलर्जीचा संशय घ्यावा. अ‍ॅलर्जी कोऱ्या करकरीत वस्तूचीही येऊ शकते आणि वर्षानुवर्षे वापरलेल्या वस्तूचीही अचानक सुरू होऊ शकते, त्यामुळे ‘मी तर हेच नेहमी लावते’ हा तिच्या विरोधातला पुरावा ठरत नाही. एकाच जागी आलेली दुखरी, पू धरणारी गाठ किंवा सकाळी चिपडाने चिकटलेल्या पापण्या जंतुसंसर्ग सुचवतात. गालभर, कपाळावर खाज न येता उठणारे बारीक दाणे मात्र बहुधा चोंदलेल्या रोमछिद्रांचे असतात आणि तेथे अस्वच्छ ब्रश, स्पंज आणि रात्री नीट न उतरवलेला मेकअप यांच्याकडे आधी बघावे लागते.

यानंतर प्रश्न येतो मुदतीचा, आणि सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. जुळे सोलापूरहून आमच्याकडे येणाऱ्या एका ताईंचा पाउच टेबलावर रिकामा केला, तेव्हा मस्काऱ्याच्या नळीच्या तोंडाशी वाळलेल्या काळ्या थराचे कडे बसले होते, कांडी बाहेर काढताना तिच्याबरोबर कोरडे कण गळत होते आणि नळीला जुन्या तेलासारखा वास येत होता. ‘नवीनच आहे की ओ ताई, लग्नात घेतलेलं, आठ-दहा वेळाच लावलंय,’ असे त्या अगदी मनापासून म्हणाल्या. त्यांची मुलगी आता बालवाडीत जाते. किती वेळा लावले यावर आपण वस्तूचे वय मोजतो. पण नळी एकदा उघडली की ती वापरली न वापरली तरी जुनी होतच राहते.

प्रत्येक प्रसाधनाला दोन मुदती असतात. खोक्यावर किंवा तळाशी छापलेली ‘यूझ बिफोर’ची तारीख, अथवा उत्पादनाच्या तारखेपासून मोजायचे महिने, ही बंद वस्तूची मुदत असते. दुसरी मुदत उघडल्याच्या दिवसापासून सुरू होते आणि ती जवळजवळ नेहमीच पहिलीपेक्षा लहान असते. ती दाखवण्यासाठी झाकण उघडलेल्या डबीचे एक छोटे चित्र छापलेले असते व त्यात ६, १२ किंवा २४ या आकड्यापुढे इंग्रजी एम हे अक्षर असते. उघडल्यापासून तितके महिने वस्तू वापरावी असा त्याचा अर्थ आहे. युरोपीय संघात ३० महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या प्रसाधनांवर हे चिन्ह बंधनकारक आहे, त्यामुळे तिकडे विकल्या जाणाऱ्या मालावर ते हमखास सापडते. आपल्या बाजारातल्या काही वस्तूंवर ते असते, काहींवर नसते. चिन्ह असो वा नसो, उघडल्याची तारीख लिहून ठेवल्याशिवाय त्याचा काही उपयोग नाही. म्हणून वस्तू उघडताच कागदी चिकटपट्टीच्या बारीक तुकड्यावर महिना आणि वर्ष लिहून तो डबीच्या तळाला चिकटवावा आणि त्यावर पारदर्शक टेप लावावी, म्हणजे हाताच्या घामाने अक्षर पुसले जात नाही. या साऱ्या मजकुरात वाचकांनी एकच गोष्ट करायची ठरवली, तर ती ही असावी.

कोणती वस्तू आधी बिघडते हे समजण्यासाठी तिच्यात पाणी आहे की नाही एवढे बघितले तरी पुरते. जंतू आणि बुरशी यांना वाढायला पाणी लागते. मस्कारा, पातळ आयलायनर, लिक्विड फाउंडेशन, क्रीम, लोशन यांत पाणी असते आणि म्हणूनच त्यांत फिनॉक्सिइथेनॉल किंवा पॅराबेन यांसारखी परिरक्षके, म्हणजे वस्तू नासू न देणारे घटक (प्रिझर्व्हेटिव्ह), घालावी लागतात. बोटाने, ब्रशने, पापणीला लागून आलेल्या कांडीने प्रत्येक वेळी थोडे थोडे जंतू आत जातात आणि परिरक्षक त्यांना आवरत राहते. काळ जाईल तसे ते अपुरे पडते, आणि वस्तू घट्ट झाली म्हणून तिच्यात पाण्याचे थेंब घातले तर ते पातळ होऊन त्याची ताकद आणखी घटते. सुकलेल्या मस्काऱ्यात पाणी, गुलाबजल किंवा थुंकी घालून तो ओला करण्याची सवय मी अनेकींत पाहिली आहे आणि ती खरोखर धोक्याची आहे, कारण त्या नळीची कांडी थेट डोळ्याच्या कडेला लागते. लिपस्टिक, पेन्सिल, कॉम्पॅक्ट, आयशॅडोची पावडर यांत पाणी जवळजवळ नसते, म्हणून त्यांत जंतू सहसा वाढत नाहीत, मात्र पृष्ठभागावर टिकून राहू शकतात. लिपस्टिकमधली तेले हवेने आणि उष्णतेने खवट होतात, हा तिचा खरा दोष.

यावरून मुदतींचा अंदाज बांधता येतो. वेष्टनावर याहून कमी मुदत दिली असेल तर तीच पाळावी. मस्कारा तीन महिन्यांनी टाकून द्यावा, यात मी कुणालाही सवलत देत नाही. पातळ लायनर तीन ते सहा महिने, लिक्विड फाउंडेशन आणि कन्सीलर सहा महिने ते वर्षभर, लिपग्लॉस साधारण वर्षभर, लिपस्टिक दीड-दोन वर्षे आणि पावडरीच्या वस्तू कोरड्या राहिल्या तर दोन वर्षे वापरता येतात. टोक काढता येणारी काजळ पेन्सिल वर्षभर चालते, कारण प्रत्येक वेळी टोक काढले की वरचा थर निघून जातो; फिरवून वर येणाऱ्या काजळाला ती सोय नाही. सनस्क्रीनची मुदत संपली असेल तर ती अजिबात वापरू नये, कारण ती लावल्याने आपण सुरक्षित आहोत असे वाटते आणि ऊन मात्र लागत राहते. ‘नैसर्गिक’, ‘केमिकल नाही’ असे लिहिलेल्या क्रीम अधिक काळ टिकतात असा समज आहे, पण ज्यात परिरक्षक कमी आणि पाणी किंवा कोरफडीचा गर अधिक, ती वस्तू अधिक लवकर नासते.

सोलापूरच्या हवेत या मुदती आणखी आखडत्या घ्याव्या लागतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, पत्र्याच्या छताखालची खोली रात्रीसुद्धा तापलेली असते आणि लोखंडी कपाटही हात लावून बघितले तर गरम लागते. अशा उष्णतेत क्रीम आणि फाउंडेशन यांमधले तेल व पाणी वेगळे होऊ लागते, मेण मऊ पडते आणि खवटपणाची क्रिया वेगाने होते. स्कूटरच्या डिकीत ठेवलेला पाउच भर दुपारी नवी पेठेत तासभर उभा राहिला तर आतल्या वस्तूंनी बाहेरच्या उन्हापेक्षाही जास्त उष्णता सोसलेली असते. घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या आणि कोरड्या जागी, म्हणजे सहसा तळमजल्याच्या उत्तरेकडील खोलीतल्या खालच्या खणात, साहित्य ठेवावे. न्हाणीघरातल्या फळीवर ठेवू नये, कारण तेथे वाफ असते. उन्हाळ्यात लिपस्टिक आणि क्रीम हवाबंद डब्यात घालून फ्रीजच्या दारात ठेवायला हरकत नाही, परंतु पावडरी फ्रीजमध्ये ठेवू नयेत. बाहेर काढल्यावर त्यांच्यावर दव धरते आणि कोरडेपणाचा त्यांचा एकमेव बचाव जातो. लिपस्टिकवर तेलाचे बारीक थेंब आले म्हणजे ती बिघडलीच असे नाही, कारण उष्णतेने आतले तेल वर येते. टिशूने पुसून वास घ्यावा, खवट नसेल तर ती वापरता येते.

आता प्रत्यक्ष तपासणी. चांगल्या उजेडात, पांढऱ्या कापडावर सर्व साहित्य मांडावे आणि एकेक वस्तू उघडून वास, रंग आणि पोत बघावा. शेंगदाण्याच्या जुन्या तेलासारखा किंवा मेणबत्तीसारखा वास, वर तरंगणारे तेल, दाणेदार झालेली क्रीम, पिवळट तपकिरी झालेले व्हिटॅमिन सी सीरम, कॉम्पॅक्टवर धरलेला चकचकीत कडक थर, यांतले काहीही दिसले की ती वस्तू वेगळी काढावी. कॉम्पॅक्टवरचा तो थर चेहऱ्याच्या तेलाचा असतो, जंतूंचा असतोच असे नाही. टेपने वरचा पापुद्रा काढला तर खालची पावडर पुष्कळदा चांगली निघते. मात्र वास आणि रंग ठीक आहे म्हणून वस्तू निर्दोष ठरत नाही. जंतू भरपूर असूनही मस्काऱ्याचा वास बदललेला नसू शकतो, म्हणून डोळ्याच्या वस्तूंना फक्त तारखेचाच निकष लावावा.

स्पंजाची तपासणी मात्र कात्रीनेच करावी. बाहेरून धुतलेला, गुलाबी, मऊ दिसणारा मेकअप स्पंज मधोमध कापला की आतमध्ये काळे किंवा हिरवट ठिपके दिसतात, ती बुरशी असते. ओल्या स्पंजाने फाउंडेशन लावायचे, तो तसाच बंद डबीत टाकायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा ओला करायचा, या पद्धतीत तो आतून कधी वाळतच नाही. ब्रिटनमधील अ‍ॅस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये वापरातील ४६७ प्रसाधने आणि स्पंज तपासले, तेव्हा वेगवेगळ्या प्रकारांतील ७९ ते ९० टक्के वस्तूंत जंतू आढळले आणि त्यांतल्या ९३ टक्के स्पंजांची मालकांनी कधीच स्वच्छता केलेली नव्हती. गालांवरचे दाणे परत परत येत असतील तर मी सगळ्यात आधी स्पंज बदलायला सांगते. तो स्वस्त असतो आणि बहुतेक वेळा दोषीही तोच असतो.

तपासणीत वगळलेल्या वस्तू बाजूला ठेवून, त्वचा किंवा डोळा पूर्ण बरा होईपर्यंत मेकअप बंद ठेवावा. डोळ्याचा संसर्ग चालू असताना वापरलेला मस्कारा आणि लायनर टाकूनच द्यावे, ते महाग असले तरी, कारण बरा झालेला डोळा त्याच कांडीमुळे पुन्हा बिघडू शकतो. त्यानंतर एकेक वस्तू परत आणावी आणि दोन वस्तूंमध्ये किमान आठवड्याचे अंतर ठेवावे. सर्व काही एकाच दिवशी लावले तर पुन्हा दाणे उठल्यावर दोष कुणाचा हे कळणार नाही. अ‍ॅलर्जीचा संशय असेल तर गालावर लावण्याआधी तीच क्रीम किंवा फाउंडेशन कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत दिवसातून दोनदा, किमान सात दिवस लावून पाहावे. ही क्रिया कंटाळवाणी आहे, पण घरच्या घरी दोषी वस्तू सापडण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला ठाऊक नाही.

ब्रश धुण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण आपल्या शहरात पाणी काही दिवसांआड येते आणि ब्रश पिंपातल्या साठवलेल्या पाण्याने धुतले जातात. फाउंडेशनचे ब्रश आणि स्पंज प्रत्येक वापरानंतर, निदान आठवड्यातून एकदा, आणि पावडरीचे ब्रश पंधरवड्यातून एकदा धुवावेत. कोमट पाण्यात सौम्य शॅम्पूचे दोन थेंब टाकून केस तळहातावर फिरवावेत, केस खालच्या दिशेला धरूनच विसळावेत आणि पाणी धातूच्या पट्टीत शिरू देऊ नये. तेथे शिरलेले पाणी वाळत नाही, केस चिकटवलेला डिंक सुटतो आणि ओल टिकून राहते. शेवटचे विसळणे उकळून गार केलेल्या पाण्याने करावे. बोअरचे पाणी वापरले तर त्यातल्या क्षारांनी केस ताठ होतात आणि त्वचेला खरवडतात, म्हणून ते शक्यतो टाळावे. ब्रश उभा करून वाळवू नये, टेबलाच्या कडेबाहेर केस येतील असा आडवा ठेवावा. सोलापूरच्या कोरड्या हवेत तो रात्रभरात वाळतो, याबाबतीत आपली हवा आपल्याला अनुकूल आहे. पार्लरमध्ये दोन ग्राहकांच्या मध्ये धुण्याइतका वेळ नसतो, तेथे ब्रश पुसून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मारावे व ते पूर्ण उडू द्यावे. अल्कोहोल ९९ टक्क्यांचे घेतले म्हणजे अधिक चांगले, असे नाही. त्यात पाण्याचा अंश असला की ते सावकाश उडते आणि जंतूंवर अधिक वेळ काम करते.

मेकअपचे साहित्य वाटून घेणे हा आपल्याकडचा जिव्हाळ्याचा प्रकार आहे. नणंद-भावजया, मैत्रिणी, मावशीच्या मुली एकाच काजळाने आवरतात आणि त्यात कुणालाही वावगे वाटत नाही. काजळ, मस्कारा, लायनर आणि लिपस्टिक या चार वस्तू तरी कुणाला देऊ नयेत आणि कुणाच्या घेऊ नयेत, एवढा नियम घरात ठेवावा. न दुखावता नकार द्यायचा असेल तर एकदाच वापरायच्या कांड्यांचे पाकीट जवळ ठेवावे आणि त्याने लिपस्टिक काढून द्यावी. गड्डा यात्रेतल्या किंवा बाजारातल्या स्टॉलवर उघड्या ठेवलेल्या नमुन्याची लिपस्टिक ओठाला लावून पाहू नये, मनगटावर रेघ ओढून रंग पाहावा. खरेदी करताना निर्मात्याचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक आणि ‘यूझ बिफोर’ची तारीख वेष्टनावर आहे ना हे बघावे, हा तपशील भारतातल्या कायद्याने आवश्यक आहे, आणि २०२० पासून प्रसाधनांसाठी स्वतंत्र नियमावली लागू आहे. तारखेवर दुसरे स्टिकर चिकटवलेली वस्तू परत ठेवावी.

नवरीच्या मेकअपला जाताना पार्लरवालीला काही गोष्टी विचारण्यात संकोच करू नये: फाउंडेशन डबीतून स्पॅटुलाने काढून स्टीलच्या पॅलेटवर घेतले जाते का, मस्काऱ्याची कांडी प्रत्येकीला वेगळी असते का, आणि चेहरा पुसायला कोरा नॅपकिन मिळतो का. ज्या शहरात टेरी टॉवेल विणले जातात त्या शहरात प्रत्येक ग्राहकाला धुतलेला छोटा नॅपकिन देणे कुणालाही जड जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्यांनी लेन्स मेकअपच्या आधी घालावी आणि मेकअप उतरवण्याच्या आधी काढावी. दूषित मस्काऱ्यातून स्यूडोमोनास या जंतूचा संसर्ग बुबुळाला झाला तर दृष्टीला धोका पोहोचू शकतो.

दिव्याच्या काजळीचे, एरंडेल किंवा तूप घालून केलेले घरचे काजळ आणि टिकली या वस्तू पाउचच्या तपासणीतून हमखास सुटतात. घरच्या काजळात पाणी नसते म्हणून ते लवकर नासत नाही. पण त्याच्या डबीत घरातल्या सर्वांची बोटे जातात आणि तूप खवट होते. ते थोडे थोडे करावे, स्वच्छ काडीने घ्यावे, आणि तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत कोणतेच काजळ घालू नये. बाजारातला सुरमा काही वेळा शिशाच्या खनिजापासून केलेला असतो, तो टाळलेलाच बरा. टिकली रात्री काढून आरशाच्या कडेला चिकटवून ठेवायची आणि सकाळी तीच लावायची, या सवयीने धूळ आणि तेल त्याच जागी परत लागते. कपाळावर टिकलीच्या आकाराची खाज किंवा पांढरट डाग दिसू लागला तर दोष तिच्या गोंदाचा असण्याची दाट शक्यता असते. काही गोंदांतील रासायनिक रेझिनमुळे त्वचेचा रंग जातो, हे त्वचारोगतज्ज्ञांना चांगले माहीत आहे. अशा वेळी टिकल्या लगेच बंद कराव्यात, कारण डाग मोठा झाल्यावर तो भरून येणे अवघड जाते.

रांजणवाडी आली असेल तर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या स्वच्छ कापडाने दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटे शेकावे आणि ती फोडू नये. दृष्टी धूसर होणे, उजेड सहन न होणे, डोळ्यात तीव्र वेदना, पापणीची सूज गालाकडे पसरणे किंवा ताप येणे यांपैकी काहीही झाले तर घरच्या उपायांत एक दिवसही न घालवता नेत्रतज्ज्ञांकडे जावे. सिव्हिलमध्येही नेत्रविभाग आहे. साहित्य बदलूनही महिनाभरात पुन्हा तोच त्रास झाला तर त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट, म्हणजे त्वचेवर एकेक घटक चिकटवून अ‍ॅलर्जी शोधण्याची चाचणी, करून घ्यावी. तेथे जाताना संशयित वस्तू तिच्या खोक्यासह न्यावी, कारण खोक्यावरच्या घटकांच्या यादीवरून कोणत्या घटकांची चाचणी घ्यायची ते ठरते, आणि वस्तूतच खोट निघाली तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करताना बॅच क्रमांक लागतो. म्हणून अशी वस्तू वापरातून त्याच दिवशी काढावी, पिशवीत बांधून वेगळी ठेवावी, आणि तपासणी पुरी होईपर्यंत कचऱ्यात टाकू नये.